बांध फुटलेल्या खाजनातलं मीठ किती पावसात धुतलं जातं? (मॉडेल, ग्रिड आणि रसायन)

मांडवीकाठ

आमच्या गोव्यातल्या तिसवाडीत एका खाजनाचा (बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीचा) बांध गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर फुटला. दुरुस्ती होईपर्यंत उन्हाळाभर भरतीचं पाणी शेतात येत-जात राहिलं. आता बांध उभा आहे आणि मानशीला (पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेला) नवी दारं बसली आहेत. सोरोद (पावसाळी) भात यंदा घ्यायचं की नाही, यावर भाऊसाच्या (खाजन सांभाळणाऱ्या शेतकरी संघटनेच्या) बैठकीत जोरदार वाद चालू आहे.

मी गणित शिकवतो, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. सच्छिद्र माध्यमातल्या वहनाचं सगळ्यांत साधं समीकरण घेतलं: डार्सीच्या नियमाने पाण्याचा वेग, त्यावर अ‍ॅडव्हेक्शन (पाण्याबरोबर वाहून जाणं) आणि डिस्पर्शन (वाटेत पसरणं), आणि पदार्थ म्हणून एकटं क्लोराइड. नांगरटीचा वरचा १० सेंटिमीटर थर आणि सच्छिद्रता ०.५ धरली, तर छिद्रांत ५० मिलिमीटर पाणी मावतं. चिखलणी केलेल्या भारी जमिनीतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी खाली मुरतं असं मानलं, तर छिद्रांतलं पाणी दोनदा बदलायला २० दिवस लागतात. म्हणजे जून संपता संपता मीठ गेलं!

पण गावातले जुने शेतकरी ठामपणे सांगतात की बांध फुटल्यावर दोन-तीन पावसाळे भात धड येत नाही. त्यांचा अनुभव पिढ्यांचा आहे, तो खोटा असणार नाही. माझ्या समीकरणात रसायन नाही, आणि ही तफावत तिथूनच येत असावी असा माझा अंदाज आहे. अभिक्रियांसकट वहनाचं मॉडेल कोणी केलंय का? सुरुवात कुठून करू?

---

जांभा_चिरा

विषय फार महत्त्वाचा काढलात. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन आहे, त्यामुळे हा एका गावापुरता प्रश्न नाही.

तुमचं उत्तर क्लोराइडसाठी बरोबर आहे. भाताला नडतं ते मागे राहणारं सोडियम. क्लोराइड ऋणभारित, चिकणमातीचे कणही ऋणभारित, म्हणून ते पाण्याबरोबर निघून जातं. सोडियम कणांना चिकटलेलं असतं. ते सुटायचं तर त्याच्या जागी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम यावं लागतं. पाऊस पाणी भरपूर देतो, पण कॅल्शियम जवळपास देतच नाही.

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी कागदावर हिशेब करू. १० सेंटिमीटर थर, घनता १.३, म्हणजे चौरस मीटरला १३० किलो माती. विनिमय क्षमता (कणांवर सोडियम-कॅल्शियम धरून ठेवायच्या जागा) किलोला ०.३ मोल भार धरली (चिकणमातीसाठी चालेल, तुमच्या मातीची मोजून घ्या), तर एकूण ३९ मोल भार.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ४७० मिलिमोल सोडियम, ५३ मॅग्नेशियम आणि १० कॅल्शियम असतं. यावरून सोडियम अधिशोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत पाण्यात सोडियम किती, त्याचं माप) ५९ च्या आसपास येतं. अमेरिकेच्या सॅलिनिटी लॅबोरेटरीने १९५४ साली दिलेल्या सूत्रात ते घातलं की विनिमययोग्य सोडियम (कणांवरच्या जागांतला सोडियमचा वाटा) सुमारे ४६ टक्के निघतं. म्हणजे छिद्रांतल्या पाण्यात २३ मोल सोडियम आणि कणांवर आणखी १८ मोल. पहिला साठा तुमच्या २० दिवसांत जातो. दुसरा तिथेच बसून राहतो.

चोपण (सोडियम जास्त झालेल्या) जमिनीची रूढ सीमा १५ टक्के आहे. ४६ वरून १५ वर यायचं तर १२ मोल भार बदलायला हवा, म्हणजे ६ मोल कॅल्शियम. खाजनात शिंपल्यांचा चुरा असतो. तो विरघळून लिटरला १ मिलिमोल कॅल्शियम मिळालं, तर ६,००० लिटर पाणी, म्हणजे ६ मीटर, जमिनीतून *मुरायला* हवं. तुमच्याच दराने चार महिन्यांच्या पावसाळ्यात मुरतं ०.६ मीटर. वरून ३,००० मिलिमीटर पडला तरी बाकीचा मानशीतून नदीत जातो. कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमुळे मातीत कार्बन डायऑक्साइड वाढून २-३ मिलिमोल कॅल्शियम सुटलं, तर तीन ते पाच पावसाळे.

तुमच्या शेतकऱ्यांचं उत्तर या पट्ट्याच्या जवळच येतंय.

---

वेलिंगकर_मास्तर

वाचनखूण साठवली. दोघेही सविस्तर लिहा, बारावीच्या मुलांना दाखवणार आहे.

---

कोरगुटवाला

मला समीकरणं कळत नाहीत, पण आमच्या शेतात हे दोनदा झालंय म्हणून लिहितो.

बांध फुटल्यावर पहिल्या वर्षी पाणी चाखून बघितलं तर जुलैत ते गोडं लागतं. नवखा माणूस म्हणतो झालं, पेरा. पण शेतात उतरलं की कळतं. पाणी दुधाळ राहतं. आठ दिवस हात लावला नाही तरी गाळ खाली बसत नाही. चांगल्या शेतात चिखलणीनंतर एका रात्रीत पाणी निवळतं. पाऊस उघडला की वरती पापुद्रा धरतो, त्याखाली रोप गुदमरतं. आणि खालचा चिखल साबणासारखा बुळबुळीत लागतो.

म्हणून माझे वडील पाण्याच्या चवीवर जात नसत. शेतातलं पाणी काचेच्या बाटलीत भरून घरी नेऊन ठेवायचे. सकाळी निवळलं तर बी काढायचे. पहिल्या वर्षी पेरलंच तर फक्त कोरगुट (खारं पाणी सोसणारं इथलं भात), दुसरं कुठलंही बियाणं नाही.

---

जांभा_चिरा

@कोरगुटवाला, तुमच्या वडिलांची बाटली हीच प्रयोगशाळेतली चाचणी आहे. शेतकऱ्याच्या हातात याहून चांगली चाचणी देता येईल असं मला वाटत नाही.

कणांवर सोडियम जास्त आणि पाण्यात क्षार कमी असं झालं की चिकणमातीचे पुंजके फुटतात. कण तरंगत राहतात, छिद्रांच्या तोंडांशी जाऊन अडकतात आणि निचरा बसतो. क्वर्क आणि स्कोफील्ड यांनी १९५५ मध्ये दाखवलं की दर सोडियम-टक्क्याला पाण्यातल्या क्षारांची एक किमान पातळी असते. पाणी त्याखाली गेलं की मातीची पारगम्यता घसरायला लागते. समुद्राचं पाणी आत असेपर्यंत माती मोकळी राहते. स्वच्छ पाऊस पडला की बंद होते. धुणारं पाणीच धुण्याची वाट बुजवतं.

मांडवीकाठ, तुमच्या मॉडेलमध्ये दिवसाला ५ मिलिमीटर हा स्थिर आकडा आहे. इथे वेग रसायनावर आणि रसायन वेगावर अवलंबून आहे. ही दुहेरी जोडणी नसेल तर मॉडेल फाजील आशावादी उत्तर देईल. मॅकनीलने १९६८ मध्ये पारगम्यतेतल्या घटीसाठी दिलेलं सूत्र हायड्रस या मातीतल्या पाण्याच्या सॉफ्टवेअरच्या क्षारांच्या मॉड्यूलमध्ये तयार आहे, तिथून सुरुवात करता येईल.

---

पुनव

बाळबोध प्रश्न. सोडियम मागे रेंगाळतं एवढंच असेल तर मंदन गुणांक (पदार्थ पाण्यापेक्षा किती पट हळू सरकतो तो आकडा) लावून भागणार नाही का? १ अधिक घनता गुणिले वितरण गुणांक (कणांवर किती आणि पाण्यात किती, त्याचं प्रमाण) भागिले सच्छिद्रता. समीकरण तेच राहतं, फक्त वेग त्या गुणांकाने भागायचा.

---

ग्रिड_आणि_गाळ

@पुनव, प्रश्न बाळबोध नाही. अनेक सल्लागार अहवाल या एका गुणांकावर उभे असतात. तो एकच पदार्थ, अगदी कमी प्रमाणात, न बदलणाऱ्या पाण्यात वाहत असेल तेव्हा चालतो. इथे पाण्याची क्षारता शेकडो पटींनी बदलते आणि जागांसाठी सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम अशी स्पर्धा असते. वितरण गुणांक दर सेंटिमीटरला, दर दिवसाला वेगळा येईल. शिवाय मंदन गुणांकाला कॅल्शियम संपल्याचं कळतच नाही, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे सगळं अडतंय ते तिथेच.

@मांडवीकाठ, आता संख्यात्मक बाजू. मी पुण्यात हेच काम करतो, पण आजोळ पेडण्याचं, त्यामुळे खाजनाच्या चिखलात खेळलोय.

पहिलं, फ्रीकसी (PHREEQC, पाण्याच्या रसायनाचं सॉफ्टवेअर) वापरा. अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं आहे, फुकट आहे, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेतलं ११ वं उदाहरण तुमच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. ४० कप्प्यांचा स्तंभ. आत १ मिलिमोल सोडियम आणि ०.२ मिलिमोल पोटॅशियमचं नायट्रेट पाणी, विनिमय जागा १.१ मिलिमोल, आणि वरून ०.६ मिलिमोल कॅल्शियम क्लोराइड. क्लोराइड छिद्रांतलं पाणी एकदा बदलताच दुसऱ्या टोकाला दिसतं. सोडियम त्यानंतरही बाहेर येत राहतं. ते संपत आलं की पोटॅशियमचा उंचवटा येतो, आणि कॅल्शियम सगळ्यांत शेवटी. हे स्वतः चालवून आलेख जुळवा आणि मगच खाजनाचे आकडे घाला. जो कोड हे उदाहरण जुळवत नाही त्याच्यावर भाऊसाचा निर्णय ठेवू नये, मग तो कितीही महागडा असो.

दुसरं, ग्रिड, म्हणजे हिशेबासाठी थराचे पाडलेले कप्पे. इथे बरेच जण फसतात. अपविंड पद्धतीत (फक्त प्रवाहाच्या वरच्या कप्प्याकडे बघणाऱ्या) कृत्रिम डिस्पर्शन येतं: वेग गुणिले कप्प्याची लांबी भागिले दोन, गुणिले (१ वजा कूरां अंक); कूरां अंक म्हणजे एका पायरीत पाणी किती कप्पे सरकतं. तीच पद्धत काळात इम्प्लिसिट केली (पायरीच्या शेवटच्या किमती धरून सोडवली) की वजाच्या जागी अधिक येतं. म्हणजे ५ सेंटिमीटरचे कप्पे आणि कूरां १ घेऊन इम्प्लिसिट चालवलं, तर ५ सेंटिमीटरची डिस्पर्सिव्हिटी (पसरण्याचं माप) तुम्ही न मागता मिळते. मातीची खरी १ सेंटिमीटर असेल तर पडद्यावर दिसणारं पसरणं बहुतेक तुमच्या ग्रिडचं आहे.

निष्क्रिय पदार्थात यामुळे वक्र थोडा लोळतो, एवढंच नुकसान. अभिक्रिया असतील तर नुकसान मोठं आहे. कृत्रिम पसरण्यामुळे खारं आणि गोडं पाणी प्रत्यक्षात भेटत नाही तिथे भेटतं, आणि प्रत्यक्षात घडत नाही ती अभिक्रिया कोड घडवतो. तुमच्या बाबतीत कॅल्शियम वेळेआधी खाली पोचेल आणि जमीन कागदावर लवकर सुधारेल.

म्हणून मध्य-अंतर पद्धतीकडे (दोन्ही बाजूंचे कप्पे धरणाऱ्या) गेलात तर दुसरा धोका. कप्प्याचा पेक्ले अंक (वाहून जाणं आणि पसरणं यांचं प्रमाण) २ च्या वर गेला की वक्राला लाटा येतात, आणि काही कप्प्यांत सांद्रता शून्याखाली जाते. रसायनाचा सॉल्व्हर लॉगॅरिदमवर चालतो. ऋण संख्येचा लॉगॅरिदम त्याला घेता येत नाही, तो तिथेच थांबतो. कप्पे अर्धा सेंटिमीटरचे ठेवा. फ्रीकसीत पाणी एका पायरीला बरोबर एक कप्पा सरकतं, म्हणजे कूरां १, त्यामुळे अ‍ॅडव्हेक्शनचं कृत्रिम डिस्पर्शन येत नाही.

तिसरं, जोडणी. बहुतेक कोड आधी पाणी सरकवतात, मग प्रत्येक कप्प्यात रसायन सोडवतात. हे तोडून सोडवणं सोयीचं आहे, पण फुकट नाही. वलोक्की आणि माल्मस्टेड यांनी १९९२ मध्ये दाखवलं की सीमेवरून सतत पदार्थ येत असेल तर यात वस्तुमानाची चूक होते, आणि ती काळाच्या पायरीबरोबर वाढते. उपाय साधा: पायरी निम्मी करा, उत्तर हललं तर पुन्हा निम्मी. आणि प्रत्येक पायरीला आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि उरलेलं सोडियम यांची जमाखर्चाची ओळ छापा. ती जुळत नसेल तर रंगीत आलेख कुणाला दाखवू नका.

---

कोरगुटवाला

एक राहिलं. आमच्या शेतात कुर्ल्यांची बिळं असतात. बांध फुटून पाणी वर्षभर फिरलं तर जास्तच. पाणी बिळातून सरळ खाली जातं आणि बाजूचं ढेकूळ आतून खारटच राहतं. चावून बघितलंय.

---

ग्रिड_आणि_गाळ

@कोरगुटवाला, ही माहिती सोन्याची आहे! यासाठी दोन भागांचं माध्यम घ्यावं लागतं: बिळं आणि भेगा हा वाहता भाग, ढेकळं हा स्थिर भाग, आणि दोघांत हळू देवाणघेवाण. व्हॅन गेनुख्टेन आणि विरेंगा यांनी १९७६ मध्ये हे मांडलं. फ्रीकसीत स्थिर कप्पे जोडायची सोय आहे.

निष्कर्षही बदलतो. मानशीतून बाहेर पडणारं पाणी गोडं झालं म्हणजे ढेकूळ गोडं झालं असं नाही. नमुना ढेकळाच्या आतून घ्यायला हवा.

---

रसायनवाली

दोन गोष्टी घाईत लिहिते.

एक, जिप्समची चर्चा अजून कशी निघाली नाही? ६ मोल कॅल्शियम म्हणजे चौरस मीटरला साधारण १ किलो जिप्सम, हेक्टरला १० टन. जिप्सम लिटरला सुमारे १५ मिलिमोल विरघळतं, म्हणजे ४०० मिलिमीटर मुरलं की काम होतं. एकाच पावसाळ्यात, आणि पाण्यातले क्षार वर राहिल्यामुळे माती मोकळी राहते ते वेगळंच. पण त्यात सल्फेट आहे. पाण्याखालच्या, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीत जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात. शेतात लोह पुरेसं असेल तर ते सल्फाइडला धरून ठेवतं, नसेल तर भाताची मुळं काळी पडतात. त्यामुळे मॉडेलमध्ये फक्त विनिमय नको, रेडॉक्सही (ऑक्सिडीकरण आणि त्याच्या उलट अभिक्रिया) हवं.

दोन, खाजन फार सुकवू नका. अशा खारफुटीच्या जुन्या मातीत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असू शकतं. हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होऊन एका मोल पायराइटमागे चार मोल आम्ल सुटतं. निचरा वाढवायच्या नादात कुणी खोल चर मारले, तर क्षारांचा प्रश्न सुटेल आणि सामू ४ च्या खाली जाईल. चर मारण्याआधी मातीचा नमुना हवेत ओलसर ठेवून त्याचा सामू काही आठवडे बघा.

---

बांदावरचो

तळाच्या सीमेकडे कोणी बघितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी पाणी खाली मुरून 'निघून जातं' असं धरलंय. खाजन भरतीच्या पातळीखाली असतं, खालचं भूजल खारं असतं आणि ते बाजूने ढकलत असतं. पावसाळ्यात शेतात पाणी उभं असताना प्रवाह खाली, पण डिसेंबरनंतर बाष्पीभवनाने उलटा वर. जानेवारी ते मे मध्ये तेच मीठ केशाकर्षणाने पुन्हा पृष्ठभागावर येतं. वर्षाचं पूर्ण चक्र न चालवता चार महिने चालवून 'इतकं धुतलं' म्हणणं मला पटत नाही. उन्हाळ्यात शेतात थोडं गोडं पाणी ठेवता आलं, किंवा निदान पेंढा पसरला, तर वर्षाच्या हिशेबात फरक पडतो.

---

मांडवीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ११ वं उदाहरण चालवलं, क्रम बरोबर आला. मग खाजनाचे आकडे घातले. क्लोराइड लवकर जातं आणि सोडियम कणांवर ठाण मांडून बसतं, हे पडद्यावर स्पष्ट दिसतंय. १० सेंटिमीटरच्या थरात वरचे दोन-तीन सेंटिमीटर आधी सुधारतात आणि सीमा हळूहळू खाली सरकते.

एक विचार आला, तो तपासून द्या. मांडवी पावसाळ्यात एकदम गोडी होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या पावसात बांध बंद ठेवून फक्त पावसाचं पाणी घेण्याऐवजी, नदीचं मचूळ पाणी मुद्दाम आत घेतलं तर?

---

जांभा_चिरा

विचार भक्कम आहे. रीव्ह आणि बॉवर यांनी १९६० मध्ये चोपण जमिनीसाठी नेमकी हीच पद्धत सुचवली होती: आधी खारं पाणी, मग टप्प्याटप्प्याने पातळ.

समुद्राचं पाणी दहापट पातळ केलं की सोडियम गुणोत्तर दहापट उतरत नाही, ते वर्गमुळाने उतरतं. ५९ चं १८.७ होतं. त्याच्याशी समतोलात सोडियम २१ टक्के. आणि त्या पाण्यात लिटरला सुमारे १२.६ मिलिमोल भार मॅग्नेशियम-कॅल्शियमचा असतो, पावसापेक्षा कितीतरी जास्त. ४६ वरून २१ वर यायला ९.८ मोल भार, म्हणजे कमीत कमी ७७० मिलिमीटर. वीसपट पातळ पाण्याने १५ टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण १,९०० मिलिमीटर लागतं. म्हणून आधी दहापट पातळ, मग वीसपट, मग पाऊस. शेवटचे टप्पे समतोलाजवळ रेंगाळतात, प्रत्यक्षात पाणी यापेक्षा जास्तच लागेल.

दोन अटी. यात मुख्य काम मॅग्नेशियम करतं, आणि मातीचे पुंजके धरून ठेवण्यात ते कॅल्शियमइतकं चांगलं नाही. आणि त्या हंगामातलं भात सोडावं लागेल.

---

कोरगुटवाला

भात सोडायला सगळे तयार होणार नाहीत. काहींची वर्षाची बेगमी त्यावर आहे. शिवाय वरच्या अंगाला ज्यांची शेतं वाचली त्यांच्यात मचूळ पाणी जाता कामा नये. मानस एकच, दारं उघडली की पाणी सगळीकडे जातं.

मधली मेर (शेतांमधला लहान बांध) उंच करून एक कोपरा वेगळा काढता येईल. मानशीजवळचा, तिथे तसंही यंदा काही येणार नाही. पण पोयीतल्या (मानशीजवळच्या डबक्यातल्या) मासळीचा लिलाव झालेला आहे, दारं कधी उघडायची ते लिलाव घेणाऱ्याला विचारूनच ठरवावं लागेल.

---

मांडवीकाठ

हे मी बैठकीत असंच मांडतो: मानशीजवळचा कोपरा मचूळ पाण्याने टप्प्याटप्प्याने धुवायचा, शेजारी एका तुकड्यात जिप्सम, तिसरा नुसत्या पावसावर. तिन्हीकडे ढेकळाच्या आतला नमुना, पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, क्षारांचं माप) आणि बाटलीची चाचणी. चर मारायचे नाहीत.

@रसायनवाली, तिन्ही तुकड्यांची विनिमय क्षमता आणि विनिमययोग्य सोडियम पहिल्या पावसाआधी मोजायचं आहे. खाऱ्या मातीत आधी छिद्रांतलं मीठ धुऊन मग अर्क काढायचा, की एकूण सोडियममधून विद्राव्य सोडियम वजा करायचं? धुताना कणांवरचं सोडियमही निघून जाईल अशी भीती वाटते.

---

रसायनवाली

वजा करा. पाण्याने धुतलंत तर पातळ होतानाच विनिमय होईल आणि टक्केवारी कमी दिसेल. अमोनियम अ‍ॅसिटेटचा अर्क घ्या, त्याच मातीचा संपृक्त लगदा करून त्यातल्या पाण्याचं सोडियम वेगळं मोजा आणि दोन्ही किलो मातीच्या हिशेबात आणून वजाबाकी करा. विद्राव्य सोडियम फार जास्त असताना दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी होते, म्हणून प्रत्येक तुकड्यातून नमुने जास्त घ्या. क्षमता मात्र वेगळ्या नमुन्यावर काढा, तिथे आधी मीठ धुतलं तरी चालतं.